विकास मंडळ की वेगळं राज्य?

१७ सप्टेंबरचं झेंडावंदन झालं की आमच्या पारावर मराठवाड्याला विकास मंडळ हवं की वेगळं राज्य, हा विषय निघतोच. रझाकारांच्या जाचातून १९४८ साली सुटलेला मराठवाडा १९५६मध्ये विनाअट मुंबई राज्यात गेला. विकासाचा अनुशेष, म्हणजे इतर भागांच्या मानाने राहिलेली तूट, मात्र हटला नाही.

वेगळं राज्य झालं तर तिजोरी आपल्या हाती. पण गोदावरीचं पाणी नाशिक-नगरच्या धरणांकडूनच यायचं! आज भांडण एकाच राज्यातलं आहे, उद्या ते दोन राज्यांचं होईल. गोदावरीवरच्याच जायकवाडी धरणाच्या कालव्याच्या टोकाला, भेगाळलेल्या कोरड्या चारीत उभं राहिलं की धडकी भरते.

विकास मंडळाला राज्यघटनेच्या कलम ३७१(२)चा आधार; निधीच्या समन्यायी वाटपाची विशेष जबाबदारी राज्यपालांवर. १९९४ला आलं, एप्रिल २०२०मध्ये मुदत संपली. तरी मला मंडळच हवं, फक्त अनुशेषाचा पैसा दुसरीकडे वळवता येऊ नये.