बफेलो ते मिसिसागा टॅक्सी: काम चोख, वेटिंगचे पैसे झोंबले

एप्रिल २०२१. लेकीचं बाळंतपण उरकून मी न्यूजर्सीहून कॅनडात मिसिसागाला परत निघाले होते. तेव्हा कोरोनामुळे नियम असा होता: टोरोंटोला विमानाने उतरलं की तीन रात्री सरकारी यादीतल्या हॉटेलात, स्वखर्चाने. आकडा दोन हजार डॉलरच्या घरात. गाडीने सीमेवरचा पूल ओलांडला तर मात्र हॉटेल नाही, चौदा दिवस आपल्याच घरात. म्हणून नेवार्क ते बफेलो विमान आणि पुढे ही टॅक्सी. भाडं २८० अमेरिकन डॉलर.

पैसे वसूल झाले ते आदल्या दिवशीच्या फोनवर. टॅक्सीवाल्याने पीसीआरचा रिपोर्ट मागवून घेतला आणि पाच मिनिटांत विचारलं, यावर लॅबचा पत्ता कुठाय? आमच्यापैकी कुणाचंच तिकडे लक्ष गेलं नव्हतं. बहात्तर तासांच्या आतला, निगेटिव्ह, एवढंच आम्ही बघितलेलं. जावई धावत जाऊन नवीन प्रिंट घेऊन आले. ‘अराइव्हकॅन’ची (कॅनडात शिरण्याआधी माहिती भरायचं सरकारी अ‍ॅप) पावतीसुद्धा कागदावर काढा, असं त्यानेच बजावलं होतं. माझे दोन्ही डोस झाले होते, पण तेव्हा त्याला कुणी विचारत नव्हतं.

गाडी स्वच्छ. पुढच्या आणि मागच्या सीटमध्ये बाथरूमच्या पडद्यासारखं जाड प्लास्टिक चिकटवलेलं, खड्डा आला की फडफडायचं. पीस ब्रिजवर, म्हणजे त्या सीमेवरच्या पुलावर, आमच्या पुढे मोजून तीन गाड्या. एरवी लाँग वीकेंडला इथे तासन्‌तास काढलेत.

पलीकडे, कॅनडाच्या बाजूला फोर्ट एरीला अधिकाऱ्याने विचारलं, राहणार कुठे, घरात कोण? मुलगा वर, मी बेसमेंटमध्ये, जेवण जिन्यावर. खायचं काही आहे का? बाळंतिणीसाठी केलेले डिंकाचे लाडू उरले होते. डिंकाला मी ‘गम’ म्हणाले, त्याला च्युइंगम वाटलं असणार. डबा उघडून बघितला आणि जा म्हणाला. मग तंबूत नाकात काडी, आणि दहाव्या दिवशी घरी करायच्या टेस्टचा खोका हातात.

इथेच माझी तक्रार. तंबूत सव्वा तास गेला. पहिली तीस मिनिटं फुकट, पुढे मिनिटाला एक डॉलर! हे बुकिंगच्या वेळी सांगायला नको? पंचेचाळीस डॉलर मुकाट्याने मोजले. दारात त्याने बॅग फुटपाथवर ठेवली, सहा फूट मागे सरला आणि तिथूनच हात हलवला.

पाचपैकी चार. वेटिंगचं आधी विचारून घ्या.