भेंडीवरच्या भुरीला निंबोळी तेल: एक लिटरची बाटली संपवल्यावर

सासवडजवळ आमची दहा गुंठे भेंडी आहे. डिसेंबरात खालच्या पानांवर पीठ शिंपडल्यासारखं दिसायला लागलं. भुरीच. एक दिवसाआड तोडा चालू, त्यात कडक औषध मारायला मन धजेना. तालुक्याच्या दुकानातून हे तेल आणलं.

सकाळी बाटली उपडी केली तर थेंब पडेना. थंडीत निंबोळी तेल थिजतं, त्याला भेसळ समजू नका. कोमट पाण्यात पाव तास उभी ठेवली, तेव्हा सुटलं. पंधरा लिटरच्या पंपाला 75 मिली. थेट ओतलं तर तवंग येतो, म्हणून आधी रिठ्याच्या पाण्यात घुसळायचं. दुधासारखं झालं की मग पंपात.

बाटलीवर ठळक छापलंय 1500 पीपीएम. तो आकडा म्हणजे दहा लाख भागांत ॲझाडिरॅक्टिन किती, याचा. ॲझाडिरॅक्टिन हा निंबोळीतला कीड मारणारा घटक, म्हणजे हा किडीचा हिशोब. भुरीला अडवतो तो पानावर बसणारा तेलाचा पातळ थर, बुरशीचे बीजाणू तिथे रुजत नाहीत. तेव्हा भुरीसाठी म्हणून कोणी 10000 पीपीएमची महाग बाटली गळ्यात मारत असेल तर घेऊ नका.

आठवड्याच्या अंतराने तीन फवारण्या केल्या. पांढरी झालेली पानं काही हिरवी झाली नाहीत, ती खुडून बांधाबाहेर टाकली. वरची कोवळी पानं मात्र स्वच्छ राहिली. पुतण्याच्या हट्टापायी दोन सऱ्या न फवारता सोडल्या होत्या. त्या शेंड्यापर्यंत पांढऱ्या झाल्या. म्हणजे पहिला ठिपका दिसताच मारलं तर उपयोग, प्लॉट पांढरा झाल्यावर नाही.

दुकानदार म्हणाला होता, "सोबत गंधक टाका, दुप्पट काम." एका पंपात टाकलं. तिसऱ्या दिवशी तेवढ्याच झाडांची पानं कडेने भाजली! तेल आणि गंधक यांच्यात निदान दोन आठवडे जाऊ द्यावे लागतात, हे नंतर कळलं. बाटलीवर त्याबद्दल अवाक्षर नाही.

आणि वास. बाजारात एका बाईंनी भेंडी उचलून नाकाशी नेली आणि गुपचूप परत ठेवली. तेव्हापासून तोडा झाल्यावर संध्याकाळीच फवारतो. उन्हात तेलाने पान करपायचीही भीती असते.

पाचपैकी साडेतीन तारे. एक कापला लेबलासाठी, अर्धा त्या बाईंच्या वतीने.