पैसे खात्यात आले तरी फसलो: नागपुरात गिटार विकतानाचा अनुभव

आधीच सांगतो, हा क्यूआर कोड स्कॅन केला आणि पैसे गेले वाला किस्सा नाही. ओटीपी दिला नाही, पिन टाकला नाही, कुठली लिंक उघडली नाही. पैसे माझ्या खात्यात खरंच आले, मी बँकेच्या ॲपमध्ये जाऊन बॅलन्स बघितला, पाठवणाऱ्याचं नाव बघितलं, मगच वस्तू दिली. तरी वस्तू गेली आणि पैसेही सध्या गेल्यातच जमा आहेत. आमच्या ओळखीत कुणालाच हा प्रकार माहीत नव्हता, बँकेतल्या मॅडमला मात्र चांगलाच माहीत होता, म्हणून लिहून राहिलो.

वस्तू म्हणजे क्लासिकल गिटार. नायलॉनच्या तारांची, रुंद मानेची, दक्षिणेतल्या एका कारागिरानं एकट्यानं हातानं बनवलेली. दुकानात आठ-दहा हजारात मिळते ती ही नव्हे. वरची पाटी सीडरच्या लाकडाची, मागचं आणि बाजूचं लाकूड आपलंच शिसवी, ज्याला बाहेर इंडियन रोझवूड म्हणतात, आणि वर फ्रेंच पॉलिश, म्हणजे लाखेचे पातळ पातळ हात कापडाच्या बोळ्यानं चढवत चढवत आणलेली चमक. नखाचा ओरखडा पण त्यावर उमटतो. नागपुरात अशी गिटार ठेवणं म्हणजे घरात तान्हं पोर ठेवणं, मे महिन्यात हवा इतकी कोरडी की पाटीला चीर जायची भीती आणि जुलैत तीच पाटी दमट हवेनं फुगून तारा वर उचलल्या जातात, त्यामुळे हार्डकेसमध्ये ह्युमिडिफायर, सोबत छोटा हायग्रोमीटर, आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांत ठेवायची, कूलरच्या खोलीत ठेवायची पण कूलरच्या तोंडासमोर नाही. एवढं सांभाळून एकही चीर नाही, मानेवरच्या धातूच्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट, झिजलेले नाहीत. विकायचं कारण एवढंच की स्केल, म्हणजे तारेची वाजती लांबी, ६५० मिलिमीटरची, नेहमीचीच, आणि माझी बोटं आखूड, मला ६४० वाली पाहिजे होती. घेतली होती १ लाख ३० हजाराला, जाहिरातीत ९५ टाकले.

पहिले काही फोन तेच ते. एकजण म्हणे मी फौजी, कामठी कॅन्टोन्मेंटला पोस्टिंग, ओळखपत्राचा फोटो पाठवला, आणि लगेच क्यूआर आला की हा स्कॅन करा, पैसे तुमच्याकडे येतील. पैसे घ्यायला स्कॅनही लागत नाही आणि पिनही लागत नाही, हे आता माझ्या आईलाही माहीत आहे. माणसामाणसांतल्या कलेक्ट रिक्वेस्ट, म्हणजे समोरच्याकडे पैसे मागायची सोय, तं यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं ऑक्टोबर २०२५ पासून बंदच केल्या. फौजीला ब्लॉक केलं आणि वाटलं की चला, आपण हुशार.

मग आला तो खरा. बोलणं एकदम शांत, कुठं घाई नाही. नाव सांगितलं (इथं लिहीत नाही, कारण पुढं कळेलच ते कुणाचं होतं), म्हणाला मी पुण्यात नोकरीला, मूळ नागपूरचाच, चुलत भाऊ प्रतापनगरला राहतो. प्रश्न कसे विचारले बघा: टॉप, म्हणजे वरची पाटी, सीडरची आहे की स्प्रूसची, बाराव्या फ्रेटवर तारांची उंची किती, आत लेबलवर कारागिराची सही आहे का, कधी स्टीलच्या तारा तं नाही लावल्या ना, कारण त्यानं पाटीवरचा तारा बांधायचा ब्रिज उखडतो. असं विचारणाऱ्या माणसावर कोण संशय घेईल, मला तं उलट बरं वाटलं की गिटार जाणकाराकडे चालली. भाव केला, ९५ वरून ८८ वर आला, आणि ८८ वर अडूनच बसला, एक रुपया वर नाही की खाली नाही. तेव्हा वाटलं चिवट गिऱ्हाईक आहे.

मग म्हणे एक व्हिडिओ पाठवा, आजकाल लई फसवाफसवी आहे भाऊ, राग मानू नका. कागदावर आजची तारीख आणि माझं (म्हणजे त्याचं) नाव लिहून गिटारजवळ ठेवा, थोडं वाजवा, आतलं लेबल दाखवा. रास्त मागणी होती. मी खिडकीजवळ बसलो, कागद गुडघ्याला टेकवून ठेवला, मोबाईल स्टुलावर उभा केला, सहाही तारा एकेक करून वाजवून दाखवल्या आणि मग साउंडहोलमध्ये टॉर्च मारून लेबल दाखवलं. चांगला दीड-दोन मिनिटांचा व्हिडिओ. वर त्याचं नाव घेऊन म्हणालोसुद्धा की घ्या, तुमच्याचसाठी काढला.

त्यानं क्यूआर पाठवला नाही, माझाच मागितला. आधी एक हजार टोकन आलं, मग ८७ हजार. यूपीआयची दिवसाची लिमिट साधारण लाखाची, त्यामुळे सगळं एका दिवसातच बसलं. मेसेजवर विश्वास न ठेवता ॲप उघडलं, बॅलन्स वाढलेला, पाठवणाऱ्याचं नाव अगदी त्यानं सांगितलेलंच, आडनावासकट. आता यापुढे माणूस काय तपासणार सांगा.

चुलत भावाला शंकरनगर चौकात मेट्रो स्टेशनखाली बोलावलं. भर दुपार, मे महिना, पोट्ट्याच्या तोंडाला दुपट्टा, डोळ्यावर गॉगल. दुसऱ्या कुठल्या गावात हे विचित्र वाटलं असतं, आपल्याकडे त्या दिवसांत अख्खं गावच तोंड बांधून फिरते. मला घाई होती ती वेगळीच, उन्हात केस तापली की आतला सरस मऊ होतो, ब्रिज सुटू शकतो, म्हणून मीच म्हणून राहिलो की लवकर ऑटोत ठेव, डिक्कीसारखं मागं टाकू नको, मांडीवर घे. त्यानं केस उघडून पण पाहिली नाही. ८८ हजाराची वस्तू आणि पोट्टा कडी सुद्धा काढत नाही, बस "हो भाऊ, हो भाऊ" आणि ऑटो गेला.

पुढच्या आठवड्यात सकाळी तर्री पोहे खाल्ले आणि वीस-तीस रुपयाचं पेमेंट फेल. पुन्हा फेल. पोहेवाला म्हणे राहू द्या भाऊ, उद्या द्या. पेट्रोल पंपावर कार्ड पण चाललं नाही, तेव्हा बँकेत गेलो. मॅडमनी स्क्रीन बघितली आणि म्हणाल्या, सर, तुमच्या खात्याला डेबिट फ्रीज आहे, पैसे बाहेर जाणार नाहीत, छत्तीसगडच्या सायबर सेलकडून आलंय, ८८ हजार संशयित रक्कम. पगाराचं खातं ते, घराचा हप्ता त्यातूनच जातो. मॅडमनी तक्रारीचा नंबर आणि तिथल्या पोलीस स्टेशनचा ईमेल एका चिठ्ठीवर लिहून दिला, आणि हळूच म्हणाल्या, काही विकलं होतं का ऑनलाइन?

मी तिथल्या तपास अधिकाऱ्यांना फोन करून माझं म्हणणं सांगितलं, आणि त्यानंतर एका अनोळखी नंबरवरून फोन आला. भिलाईचा माणूस. नाव सांगितलं तं तेच, माझ्या गिऱ्हाइकाचं नाव! आवाज मात्र वेगळा. सुरुवातच शिव्यांनी, "गिटार कब भेजोगे भाईसाब, या जेल जाके बजाओगे?" आणि त्यानं व्हॉट्सॲपवर मला काय पाठवलं असेल? माझाच व्हिडिओ. मी खिडकीत बसून तारा वाजवून राहिलो, कागदावर त्याचं नाव, आणि मी कॅमेऱ्यात बघून म्हणतो की तुमच्याचसाठी काढला.

तर प्रकार असा आहे. मधला ठग माझे फोटो उचलून तीच गिटार दुसरीकडे, स्वतःची म्हणून, विकायला टाकतो. भिलाईवाला फसतो, ८८ वर सौदा होतो. मग ठग त्याच माणसाचं नाव घेऊन मला फोन करतो. भिलाईवाल्यानं विचारलेले सगळे प्रश्न, टॉप कुठला, तारांची उंची किती, हे मला विचारतो, माझी उत्तरं तिकडे पोचवतो. जाणकार तो नव्हताच, जाणकार भिलाईवाला होता. ८८ वर अडून बसला कारण तिकडचा आकडा ठरलेला होता. माझा क्यूआर त्याला देतो, तो मला पैसे पाठवतो, नाव जुळतं, मी गिटार "भावाला" देतो, आणि ठगाच्या हाती एक रुपयाचाही व्यवहार न होता, कुठल्याही खात्यात नाव न येता, वस्तू येते. भिलाईवाला गिटार आली नाही म्हणून १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करतो, आणि पोलिसांच्या सिस्टीममध्ये पैसे घेणारा पहिला माणूस कोण? मी. लेयर वन. ही हेल्पलाइन त्यासाठीच आहे, पैसे पुढं सरकायच्या आधी खातं थांबवायचं, आणि तिनं तिचं काम चोख केलं, फक्त चोर त्या साखळीत कुठंच नव्हता.

इकडे आपल्या पोलिसांकडे गेलो तर ठाण्यातले साहेब म्हणतात, तुमचे पैसे तर आले ना, मग तुमचं नुकसान काय? तीन-तीनदा समजवावं लागलं. शेवटी सायबर पोर्टलवर माझीही तक्रार टाकली, मूळ खरेदीचं बिल, जाहिरातीचे स्क्रीनशॉट, सगळी चॅट, कॉलची यादी, व्हिडिओची मूळ फाइल असं सगळं जोडलं, आणि त्याची प्रत तिकडच्या तपास अधिकाऱ्यांना ईमेल केली. एफआयआर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली झाला, म्हणजे जुनं चारसोबीस, जुलै २०२४ पासून नंबर बदललाय, ठग तेच आहेत. चौकातल्या कॅमेऱ्याचं फुटेज लगेच मागा, ते फार दिवस ठेवत नाहीत, आमच्या वेळी दुपट्टा आणि गॉगल दिसले, बाकी काही नाही. बऱ्याच लिखापढीनंतर अख्ख्या खात्याचं फ्रीज निघालं आणि फक्त ८८ हजारावर लियन राहिलं, म्हणजे तेवढीच रक्कम अडकून राहिली. तेवढं आधी मागून घ्या, वादातली रक्कम धरून ठेवा पण बाकी खातं मोकळं करा असा लेखी अर्ज, बँकेला आणि तपास अधिकाऱ्याला दोघांनाही. धरून ठेवलेली रक्कम सोडवायला मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करावा लागतो, तो केलाय.

आता महाग वस्तू विकायची असेल, गिटार असो की कॅमेरा की सतार, तं पैसे देणारा आणि वस्तू नेणारा एकच माणूस पाहिजे. भाऊ, मामा, ऑफिसचा मुलगा, कुणी नाही. समोर उभं राहून त्याच्या मोबाईलवरून पैसे पाठवणार, लायसन्स दाखवणार, साध्या कागदावर विक्रीची पावती सही करणार, तरच केस त्याच्या हातात. बाहेरगावचा असेल तर टोकन आलेल्या यूपीआय आयडीत बरेचदा मोबाईल नंबर असतो, तो बघा आणि त्या नंबरवर स्वतः फोन लावा, ज्या नंबरवरून बोलणं चालू आहे त्यावर नाही. माझ्या बाबतीत एवढ्यानंच सगळं उघडं पडलं असतं, भिलाईवाल्यानंच उचलला असता. व्हिडिओ मागितला तर द्या, पण त्यात तोंडानं बोला की मी अमुक, नागपुरातून विकतो, माझा नंबर हा, कुरियर नाही, प्रत्यक्ष येऊनच न्यायची. असा व्हिडिओ ठगाच्या काही कामाचा नाही. फोटोंवर पण शहराचं नाव टाका. आणि पगाराच्या खात्याचा क्यूआर देऊ नका, पडीक खातं असतंच एखादं. रोख मिळत असेल तर दोन लाखाच्या आत घ्यायला कायद्याची आडकाठी नाही, बँकेच्या काउंटरवर मोजून भरून घ्या.

भिलाईवाल्याशी आता बरं बोलणं आहे. त्यानं जबाब दिला की फोनवरचा आवाज माझा नव्हता, त्याचा मला उपयोग झाला, पण ८८ हजार त्याचे की माझे हे कोर्टच सांगेल, आणि खरं सांगू का, दोघांचंही म्हणणं बरोबर आहे. गिटार सापडलेली नाही. सीडरचा लालसर टॉप, ६५० ची स्केल, साउंडहोलच्या खालच्या बाजूला तांदळाएवढा नखाचा खड्डा, आणि डोक्यावरच्या खुंट्यांपैकी तिसऱ्या तारेची खुंटी जरा जड फिरते. नागपूर, अमरावती, रायपूरकडे अशी कुणी दाखवायला आणली आणि आतलं लेबल खरवडलेलं असलं, तर मूळ बिल माझ्याकडे आहे आणि तक्रार सायबर पोलिसांकडे नोंद आहे.