मुलांच्या मनासाठी गेम निवडताना: संपणारा की रोज हजेरी मागणारा?

किशोरवयीन मुलाची उदासी किंवा घालमेल कमी व्हावी म्हणून गेम शोधायला गेलं की मुख्यतः दोन प्रकार दिसतात. एक ठरावीक टप्प्यांत संपतो, दुसरा रोज परत बोलावतो. चित्रं, संगीत दोन्हीकडे छानच असतं, त्यामुळे त्यावर फार अडून राहू नका.

पहिल्या प्रकाराचं ठळक उदाहरण म्हणजे न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात घडलेला 'स्पार्क्स'. त्यात सात टप्पे आहेत. काल्पनिक दुनियेत नकारात्मक विचारांशी झुंजायचं आणि शिकलेलं रोजच्या जगण्यात कसं वापरायचं ते एक मार्गदर्शक पात्र सांगतं. 2012 साली 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चाचणीत 12 ते 19 वयाची 187 मुलं होती आणि हा गेम नेहमीच्या उपचारांपेक्षा कमी पडला नाही. मात्र ती मदत मागायला आलेली मुलं होती. पुढे तो सर्वांसाठी खुला झाला तेव्हा बहुतेकांनी तो अर्ध्यातच सोडला. या प्रकाराची खरी कमजोरी हीच.

अमेरिकेत 2020 मध्ये मान्यता मिळालेला 'एंडेव्हरआरएक्स' यातलाच, पण तो एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) असलेल्या मुलांच्या एकाग्रतेसाठी आहे आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सुरू झाला. उदासीसाठी त्याचा विचार नको.

दुसऱ्या प्रकारात मूड नोंदवायचा, एखादं आभासी पिल्लू वाढवायचं, स्ट्रीक, म्हणजे न चुकवलेल्या दिवसांची साखळी, टिकवायची. मूल टिकून राहतं हे खरं. पण नैराश्यात अंथरुणातून उठणंही जड जातं, दिवस चुकणारच. अशा वेळी स्ट्रीक तुटली, पिल्लू रडवेलं झालं, तर गेम आजाराच्या लक्षणालाच शिक्षा करतो. मला हे डिझाइन सरळ चुकीचं वाटतं. नुसती झोपेची किंवा श्वसनाची सवय लावायची असेल आणि चुकलेल्या दिवसाची किंमत मोजावी लागत नसेल, तर हा प्रकार चालेल.

मूडच्या नोंदी कुठे जातात तेही बघा. ऑनलाइन समुपदेशन देणाऱ्या 'बेटरहेल्प'ने लोकांची आरोग्यविषयक माहिती जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅटसारख्या कंपन्यांना दिल्याचा ठपका अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेने ठेवला आणि 2023 मध्ये 78 लाख डॉलर भरायला लावले. नोंदी हाच ज्यांचा गाभा आहे, त्या गेमना हा प्रश्न आधी विचारावा.

त्रासाचं निदान झालेलं असेल तर माझं मत पहिल्या प्रकाराला, तेही आठवड्यातून एकदा विचारपूस करणारं मोठं माणूस सोबत असेल तर. जगणं नको वाटत असेल तर गेम बाजूला ठेवून थेट डॉक्टरांकडे जावं.

मुलाच्या हाती देण्याआधी स्वतः खेळून पाहा. दोन-तीन दिवस मुद्दाम चुकवा आणि येणारे संदेश वाचा. 'जगावंसं वाटत नाही' असं लिहा, मदतीचा क्रमांक येतो की आणखी दहा नाणी, ते कळेल. खातं खरंच पुसता येतं का तेही बघा. आणि नोंदी परस्पर पालकांना दाखवणारी सोय असेल, तर ती मुलाला विचारूनच चालू करा. आईबाबा वाचतात हे कळलं की पंधरा वर्षांचं मूल रोज 'मस्त' एवढंच लिहील.