मुरघासाची ५० किलोची बॅग: माल चांगला, पण शेळीला आधी ओळख हवी

पुण्याजवळच्या वाघोली, चाकण भागातल्या पशुखाद्याच्या दुकानांत मक्याच्या मुरघासाच्या, म्हणजे हवाबंद ठेवून आंबवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या, ५० किलोच्या बॅगा मिळतात. त्यातल्या एका बॅगेचं हे परीक्षण, फक्त शेळीपालकांसाठी. गाईम्हशींचा हिशेब वेगळा.

आधी माल. रंग पिवळट हिरवा, वास आंबूस, कुबट अजिबात नाही. मूठभर घेऊन घट्ट दाबला तर पाणी गळत नाही आणि मूठ सोडली की गोळा हळूहळू उलगडतो. म्हणजे कोरडा अंश (पाणी वजा जाता उरणारा चारा) ३० टक्क्यांच्या वर. भाव करताना बघायचं ते हेच. कोरडा अंश ३५ टक्के असेल तर ५० किलोत साडेसतरा किलो चारा पदरात पडतो. २५ टक्के असेल तर साडेबाराच, बाकी पैसे पाण्याचे. दुकानदार मक्याचं वाण सांगेल, हा आकडा सांगणार नाही. शंका असेल तर १०० ग्रॅम मुरघास वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवा. उरतील तितके ग्रॅम, तितके टक्के.

कुट्टी, म्हणजे चाऱ्याचे यंत्राने केलेले तुकडे, मात्र जाड आहे. तुकडा एक-दोन सेंटिमीटरचा हवा. इथे कणसाच्या दांड्याचे बोटभर जाड काप निघतात. शेळीचे ओठ चिमट्यासारखे चालतात. दाणा, पान वेचून ती हे गोल काप गव्हाणीत तसेच ठेवते. एक गुण इथेच कापला.

बहुतेक तक्रार असते ती 'शेळ्या तोंडच लावत नाहीत' ही. यात बॅगेचा दोष नाही. बाजारातून आणलेली उस्मानाबादी शेळी माळावर बोरी-बाभळीचा पाला ओरबाडत वाढलेली असते. आंबूस वासाचा ओला भुगा हा चारा आहे हे तिला कुणी दाखवलेलंच नसतं. काय खायचं हे करडू आईच्या तोंडाशी तोंड लावून शिकतं, काही चवी तर पोटात असताना आणि दुधातून ओळखीच्या होतात. युटा स्टेट विद्यापीठाच्या फ्रेड प्रोव्हेन्झा यांनी शेळ्या-मेंढ्यांच्या या शिकण्यावर बरंच काम केलं आहे. त्यातली गोठ्यात सगळ्यात कामाची गोष्ट अशी: पोट बिघडलं की जनावर त्याचं खापर सगळ्यात नव्या चाऱ्यावर फोडतं आणि पुढे तो टाळतं. म्हणून मुरघास सुरू करायच्या आठवड्यात भरडा (भरडलेलं धान्य) वाढवू नका. अपचन भरड्याने होईल आणि शेळी मुरघास सोडेल.

सुरुवात शेळीमागे १०० ग्रॅमने करा. शेवरीच्या किंवा सुबाभळीच्या पाल्यावर भुरभुरवा, म्हणजे ओळखीच्या चवीबरोबर नवी चव जाते. मुरघास खाणारी एखादी जुनी शेळी त्याच गव्हाणीला बांधा, करडं आईपाशीच राहू द्या. उपाशी ठेवून सवय लावायला जाऊ नका. भुकेली शेळी बकाबका खाते आणि पोट फुगतं. मग हळूहळू वाढवत १०-१४ दिवसांत ३० किलोच्या शेळीला दीड किलोपर्यंत न्या. पोटातल्या जिवाणूंना बदलायला तेवढे दिवस लागतातच. मक्याच्या मुरघासात प्रथिनं कोरड्या अंशाच्या सात-आठ टक्केच, त्यामुळे दुभत्या शेळीचा पाला किंवा लसूणघास बंद करून चालणार नाही.

आता बॅग कुणी घ्यावी? दहा शेळ्यांना दिवसाला १५ किलो लागतो, बॅग तीन-साडेतीन दिवसांत संपते. चार शेळ्या असतील तर ती आठ दिवस उघडी राहील आणि पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये त्याआधीच तापेल. हात आत घाला. कोमट लागलं तर हवा शिरून माल बिघडायला लागला आहे. रोज वरचा थर सपाट काढा, पिशवी दाबून हवा काढा, तोंड आवळून बांधा. उंदराने भोक पाडलं असेल तर त्याभोवतीचा बुरशीचा भाग वीतभर जास्तीचा धरून फेका. बुरशी झटकून उरलेलं घालणं शेळ्यांच्या बाबतीत महागात पडतं: मातीमिश्रित, बिघडलेल्या मुरघासातून लिस्टेरिया या जिवाणूचा आजार होतो आणि शेळी मान वाकडी करून एकाच बाजूला गोल फिरू लागते.

पंधराच्या पुढे शेळ्या असतील तर ५ पैकी साडेतीन. त्याहून कमी असतील तर शेजाऱ्याबरोबर अर्धी वाटून घ्या. आणि बॅगेच्या तोंडाची नायलॉनची दोरी कापली की लगेच खिशात टाका. गव्हाणीशी पडलेली दोरी शेळी शेवरीच्या आधी चघळते.