‘चार दिवस घाला की, सुटतील!’ : बेळगावात बूट घेताना भाच्याला कसं गुंडाळलं

भरतीची तयारी करणारी पोरं आणि त्यांचे आईबाप, दोघांनीही हे वाचावं. बूट पायात घालून ‘जरा घट्ट वाटतायत’ म्हटल्यावर दुकानातला पोरगा जर म्हणाला, ‘चार दिवस घाला की, आपोआप सुटतील’, तर बूट तिथंच काढून ठेवा आणि बाहेर पडा. पुढं काय होतं ते सांगतो.

माझा भाचा खानापूर तालुक्यातला, नंदगडच्या बाजूचा. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावातच असल्यामुळं आमच्या भागातल्या पोरांना फौजेचं वेड लहानपणापासून असतं. अग्निवीर भरतीत १.६ किलोमीटर पळायचं, तेही वेळेत. थोड्या सेकंदांनी मार्क कमी होतात. म्हणून सुगीत मजुरी करून जमवलेले पैसे घेऊन तो आणि त्याचा दोस्त बसनं बेळगावला आले आणि बाजारातल्या एका दुकानात शिरले. दुकानाचं नाव इथं देत नाही, प्रकरण अजून चालू आहे. बाहेर सेलचा मोठा बोर्ड होता. खोक्यावर ३,४९९ छापलेलं, मागितले १,९०० रुपये.

भाच्याचा नंबर नऊ. खोक्यावर नऊचाच स्टिकर. पाय घातला तर बोटं पुढं टेकत होती. पोरग्यानं सांगितलं, “नऊच आहे की, बघा स्टिकर. नवा बूट असाच लागतोय. आठवडाभर पळा, सैल होतोय बघा. नाहीच झाला तर आणा, बदलून देतो.”

आता हे ऐकून कुणी म्हणेल, पोरं भोळी. पण आपल्या भागात या थापेवर विश्वास बसण्याला कारण आहे. आपण सगळे कातडी चपला घालून मोठे झालो. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं त्यात महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूरही आहेत. अथणी, निपाणीकडचे कारागीर ती पिढ्यान् पिढ्या करत आलेत. ती चप्पल पहिले काही दिवस चावते, आपण तेल लावतो, रडतकढत घालतो, आणि मग ती पायाची होऊन जाते. हे अगदी खरं आहे, कारण ते झाडपाल्याच्या कसात कमावलेलं निव्वळ कातडं असतं, वर पट्टा, पुढं बोटं मोकळी. पळायचा बूट म्हणजे जाळीचं कृत्रिम कापड, पुढं चिकटवलेली कडक टोपी आणि खाली फोमचा साच्यात घातलेला सोल. कापड रुंदीला थोडंफार सैल पडेल, सोलची लांबी कशी वाढणार? एका नंबरातला फरक साधारण साडेआठ मिलिमीटरचा. तो पळून पळून भरून निघत नाही, उलट अंगठ्याचं नख काळं पडतं. भाच्याची दोन्ही नखं काळी पडली. पण चपलेचं खरं आहे तेच बुटाला लावून सांगितल्यामुळं त्याला वाटलं, आपणच नाजूक.

मी वडगावात राहतो. तो लंगडत माझ्याकडं आला, “मामा, दुकानवाले बूट बदलून देत नाहीत, जरा चला.” निघण्याआधी मी बूट हातात घेऊन पाहिला. जिभेच्या आत शिवलेल्या कापडी पट्टीवर आकडा होता आठ. खोक्यावरचा नऊचा स्टिकर नखानं उचलला तर खाली दुसरा स्टिकर, त्यावरही आठ. म्हणजे ‘सुटतील’ म्हणणाऱ्याला ते कधीच सुटणार नाहीत हे माहीत असणार. नऊ नंबर संपला होता, आठचा जोड खपवायचा होता. दोन्ही स्टिकर आणि पट्टी दिसेल असे फोटो मी घरीच काढून ठेवले.

दुकानात मालक होता. गोड बोलला, बसा की म्हणाला, पाणी दिलं. मग बूट उलटा करून सोलच्या खाचेत बसलेली खानापूरची लाल माती आम्हाला दाखवली. “अण्णा, हे बघा, वापरलेला माल. हा परत कसा घेऊ? उद्या हाच तुम्हाला विकला तर चालेल?” या बोलण्यात खोट काढता येत नाही, आणि सगळी मेख तिथंच आहे. वापरायला सांगायचं त्यांनीच, आणि वापरला म्हणून नाकारायचं त्यांनीच. ज्यानं ‘बदलून देतो’ म्हटलं होतं तो पोरगा म्हणे काम सोडून गेला होता.

बिल काढलं. वर छापलेलं ‘एस्टिमेट’. जीएसटी नंबर नाही, बुटाचा नंबर नाही, नुसतं ‘स्पोर्ट शू १’ आणि रक्कम. मागं कानडीत शिक्का, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. भाच्यानं पक्कं बिल मागितलं होतं, पण ‘जीएसटी वेगळा पडेल’ म्हणून त्याला गप्प केलं होतं. खोक्यावरची एमआरपी सगळे कर धरूनच छापलेली असते, हे पोरांना कुणी सांगत नाही. पैसे फोनवरून दिलेले, तर क्यूआरवर दुकानाचं नाव नव्हतंच, कुणा तिऱ्हाईताचं होतं.

मी स्टिकरचा विषय काढल्यावर मालकाचा सूर बदलला. “असं करा, बूट, खोकं आणि बिल ठेवून जा. कंपनीला पाठवतो, पंधरा दिवसांत नवीन जोड येईल.” भाचा खूश होऊन पिशवी पुढं करणार, तेवढ्यात मालक काउंटरवरच्या दुसऱ्या पोराशी कानडीत बोलला : ठेवून घे, दोन-चार खेपा मारतील आणि कंटाळतील. मला कानडी चांगलं येतं. बेळगावात राहून हे त्याच्या लक्षात येऊ नये याचंच नवल वाटलं. मी म्हटलं, ठेवतो, पण बूट, खोकं आणि बिल मिळाल्याची पोच लिहून शिक्का मारून द्या. पोच द्यायला तो तयार नव्हता, म्हणून पिशवी परत आमच्या हातात आली.

याला कुणी भाषेचा वाद करू नये. मालकाचं मराठी माझ्याइतकंच चांगलं होतं. आणि बाहेर पडल्यावर ‘१९१५ ला फोन करा’ असं सांगणारा शेजारचा दुकानदार कानडीच होता.

१९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं, कानडीतही. तक्रार नोंदवली की नंबर मिळतो आणि ती समोरच्याकडं पाठवतात. पण ते कोर्ट नाही, हुकूम करू शकत नाहीत, हे आधीच समजून घ्या म्हणजे अपेक्षाभंग होत नाही. दुकानदाराचं उत्तर आलं ते एका ओळीचं, ‘ग्राहकाने माल वापरला आहे.’ मधल्या काळात त्याचा फोनही आला, पंधराशेचं दुकानातलंच दुसरं काहीही घ्या म्हणून. तिथलं काहीच नको म्हणून आम्ही नाही सांगितलं.

कायद्याचं थोडं नीट सांगतो, कारण यात लोक दोन्ही टोकाला जातात. बूट पायाला बसत नाही एवढ्याच कारणावरून तो परत घ्यावा असा कायदा नाही. नंबर बरोबर असेल, बिलात बदलून देण्याची अट नसेल आणि तुम्ही महिनाभर पळून आला असाल तर दुकानदाराला दोष देता येणार नाही. पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणं दुकानदारानं जे सांगून विकलं त्यात कमतरता असणं हाही दोषच धरला जातो. नऊ सांगून आठ देणं माझ्या मते त्यातच बसतं. आणि दोष असलेला माल बिलात दिलेल्या मुदतीत, मुदत दिलीच नसेल तर तीस दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिल न देणं हीसुद्धा. म्हणजे ‘आठवडाभर पळा’, ‘कंपनीला पाठवतो, पंधरा दिवस थांबा’ हे सगळं कशासाठी चाललेलं असतं ते लक्षात येईल. तुमचे तीस दिवस तिकडं जातात.

चंदगडकडच्या लोकांसाठी एक खास गोष्ट. तुमच्यातले कितीतरी जण लग्नाचा बस्ता असो की शाळेचे बूट, खरेदीला बेळगावला येता आणि काही बिनसलं तर ‘दुसऱ्या राज्यात कोण केस लढवणार’ म्हणून सोडून देता. या कायद्यानं तक्रार तुम्ही जिथं राहता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. म्हणजे दुकान बेळगावात असलं तरी चंदगडचा माणूस कोल्हापुरात तक्रार देऊ शकतो, आणि दुकानदाराला तिकडं यावं लागतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, मुदत दोन वर्षांची.

बूट घ्यायचेच असतील तर संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. पळताना घालता तेच मोजे घाला, आणि उभं राहून पुढं अंगठाभर जागा राहते का पाहा. खोक्यावरचा आकडा वाचू नका, बुटाच्या आतला वाचा. ‘बदलून देतो’ म्हणाले की ते बिलावर लिहून घ्या, नंबरासकट. लिहायला कां-कूं केली तर दुकान बदला. भाच्यासाठी नंतर शहापुरात साधेच बूट घेतले, तिथल्या म्हाताऱ्या दुकानदारानं न सांगता बिलावर लिहून दिलं, ‘मातीत न घालता आठ दिवसांत बदलून.’ अट कडक आहे, पण सरळ आहे.

भाचा त्या बुटांवर पळतोय. जुना जोड, दोन स्टिकरचं खोकं, एस्टिमेटचा कागद आणि फोनवरून पैसे गेल्याची नोंद एका पिशवीत घालून मी कपाटात ठेवली आहे. हेल्पलाइनकडून आणखी काही झालं नाही तर पुढच्या महिन्यात बेळगावच्या जिल्हा आयोगात अर्ज देतोय. त्याच दुकानातून नंबर बदललेले बूट आणखी कुणी घेतले असतील तर आतल्या पट्टीचा आणि खोक्याचा फोटो काढून ठेवा, आणि स्टिकर सोलून फेकू नका.