स्फिंक्स की डॉन्स्कॉय?

बिनकेसांच्या मांजरांच्या या दोन जाती. दोघींना शेजारी बसवलं तर नवख्याला फरक कळत नाही. तेच मोठाले कान, तेच सुरकुतलेलं कपाळ. पण केस का नाहीत, याचं कारण दोघींचं वेगळं आहे आणि पिल्लू निवडताना तेच कामी येतं.

स्फिंक्स कॅनडाची, इजिप्तशी नातं नावापुरतं. १९६६ मध्ये टोरंटोत एक बिनकेसांचं पिल्लू जन्मलं, पण आजच्या स्फिंक्स मुख्यतः सत्तरच्या दशकात मिनेसोटा आणि टोरंटोत सापडलेल्या मांजरांच्या वंशातल्या. त्यांच्यात केसाच्या घडणीला लागणाऱ्या केराटिन ७१ या प्रथिनाचं जनुक बिघडलेलं असतं. केस उगवतो, पण मुळाशी त्याला घडवणारं आवरणच कच्चं, म्हणून तो तुटतो, गळून पडतो. त्यामुळे स्फिंक्स अगदी तुळतुळीत नसते. हात फिरवला की बोटांना बारीक लव लागते, नाकावर आणि कानांमागे थोडे केस दिसतात. मिशा तोकड्या, वेड्यावाकड्या, कधी नाहीतच. हे जनुक अप्रभावी आहे, आई-बाप दोघांकडून आलं तरच टक्कल.

डॉन्स्कॉय रशियातल्या रोस्तोव-ऑन-डॉनची. १९८७ मध्ये रस्त्यावर सापडलेली वार्वारा ही तिची मूळ मांजरी. इथे जनुक दुसरंच आणि प्रभावी, एका पालकाकडून आलं तरी पुरे. काही पिल्लं जन्मतःच टकली, काही मात्र केसांसकट जन्मतात आणि वाढता वाढता ते गाळतात. म्हणजे आज मखमली वाटलं म्हणून आणलेलं पिल्लू पुढे पार गुळगुळीत होऊ शकतं. सडपातळ पीटरबाल्ड या बिनकेसांच्या जातीमध्येही हेच जनुक, तिथेही हाच अनिश्चितपणा.

रूप आधीच ठरलेलं हवं असेल तर माझं मत स्फिंक्सला. अट एकच: या जातीत हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार बराच आढळतो, तेव्हा आई-बापांच्या इको तपासणीचे रिपोर्ट मागा. टाळाटाळ झाली तर पिल्लू कितीही गोड असो, परत फिरा.

‘केस नाहीत, म्हणजे काम नाही’ हा समज दोघींच्या बाबतीत चुकीचा. कातडीतून तेल पाझरतं, ते टिपायला केस नाहीत. आठवड्याला अंघोळ, कानातला मळ, नखांच्या बेचक्यांत साचलेली काळी चिकट घाण, हे सगळं तुमच्याच वाट्याला. थंडीत ऊब, उन्हात सावली हवी. शरीर गरम राखण्यात ऊर्जा जाते, म्हणून भूकही दांडगी.

ॲलर्जीवाल्यांनी तर फार आशा धरू नये. ॲलर्जी आणणारं फेल डी १ हे प्रथिन मांजराच्या लाळेत आणि कातडीच्या तेलग्रंथींत असतं, केस फक्त ते घरभर पसरवतात.

पिल्लू बघायला जाताना पांढरा सुती सदरा घाला आणि एखादं मोठं मांजर तासभर मांडीवर घेऊन बसा. घरी आल्यावर आधी सदऱ्यावरचा तेलकट डाग बघा, मग आपले डोळे.